पाटीवरची अक्षरं

(कसारा येथे झालेल्या एकदिवसीय युवा शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



मला बोलवायला आलेल्या पोरांनी विचारलं, ‘चाचा, पत्रिकेत तुमचं नाव कसं लिहायचं? डॉक्टर लिहू का?’ मी म्हटलं, बाबांनो, तेवढं करू नका. माझं आजचं भाषण त्याच्याचवर आहे. मी डॉक्टर नाही. मेडिकलवाला आहे. दहावी, बारावी, मग दोन वर्षांचा डी.फार्म., आणि त्यानंतर पंचवीसहून जास्त वर्षं एकाच काउंटरमागे उभा. गावात बरेच लोक मला डॉक्टरच म्हणतात. पाड्यावरून आलेली बाई म्हणते, ‘डाक्टर, पोराला ताप हाय, काहीतरी द्या.’ पहिली दोन वर्षं मी दुरुस्त करायचो. मग सोडून दिलं. आता पुन्हा करायला लागलोय.

या काउंटरमागून एक गोष्ट मात्र फार जवळून दिसते. चिठ्ठ्या. हजारो चिठ्ठ्या वाचल्या मी. डॉक्टर काय लिहितो ते सगळे बघतात. चिठ्ठीच्या वरच्या बाजूला काय छापलंय, नावापुढे कोणती अक्षरं आहेत, ती कुठून आली, नोंदणी क्रमांक आहे की नाही, हे कोणी बघत नाही. मीही बघत नव्हतो.

१९९९ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट सांगतो. दुकान नवीन होतं. धाकटी बहीण माहेरी आलेली, तिचा मुलगा आठ महिन्यांचा. त्याला जुलाब सुरू झाले. दोन दिवस घरगुती केलं, तिसऱ्या दिवशी तिला घेऊन आमचे अब्बा बाजाराच्या गावी एका दवाखान्यात गेले. गावाचं नाव सांगत नाही, डॉक्टरचंही नाही. पाटीवर मोठ्या लाल अक्षरांत ‘बालरोगतज्ज्ञ’ लिहिलेलं होतं. तिथून चिठ्ठी आली ती माझ्याच दुकानात. त्यात जुलाब थांबवायचं औषध होतं, आतड्याची हालचाल रोखून धरणारं. मोठी माणसं प्रवासात घेतात ते.

आता नीट ऐका. हे औषध तान्ह्या बाळाला द्यायचं नसतं, हे मला माहीत होतं. कॉलेजात शिकवलं होतं. सरांनी सांगितलेलंही आठवत होतं, की १९९० मध्ये पाकिस्तानात या औषधाने लहान मुलं दगावली आणि मुलांसाठीच्या त्याच्या बाटल्यांवर तिथे बंदी आली. बाळाचं आतडं जागच्या जागी थांबतं, पोट फुगतं, आणि बाहेर न पडलेलं पाणी आतच साठतं. जुलाब थांबल्यासारखे दिसतात, आजार थांबत नाही.

चिठ्ठी हातात घेऊन मी क्षणभर थांबलो. बहिणीने विचारलं, ‘भाई, देऊ ना हे?’ मी म्हटलं, ‘दे. मुलांच्या डॉक्टरने लिहिलंय.’

रात्री पोट नगाऱ्यासारखं झालं. दहाच्या पुढे गाडी मिळेना. तुम्ही कसाऱ्याचेच आहात, तुम्हाला सांगायला नको. थळ घाट चढायला मेल गाड्यांना इथे मागून इंजिनं जोडावी लागतात, त्यासाठी गाड्या थांबतात. तशीच एक गाडी उभी होती. गार्डसाहेबांना हात जोडले, त्यांनी चढू दिलं. इंजिन लागेपर्यंतची ती मिनिटं मी कधी मोजली नाहीत, पण आजही फलाटावर तो धक्क्याचा आवाज आला की मला ती गाडी आठवते. इगतपुरीला उतरलो तेव्हा बाळ गेलेलं होतं.

यात डॉक्टरची चूक किती, माझी किती, हा हिशेब मी खूप वर्षं केला. डॉक्टरचं मी नंतर शोधलं. नावापुढे होमिओपॅथीची पदवी होती आणि मग ‘सीसीएच’. सीसीएच म्हणजे काय, मला तेव्हा माहीत नव्हतं. बालआरोग्याचं एक प्रमाणपत्र. बालरोगात एमडी नाही, डिप्लोमा नाही. पण ‘बालरोगतज्ज्ञ’ हा शब्द माझ्या डोक्यात असा बसला, की मला स्वतःला माहीत असलेली गोष्ट मी बाजूला ठेवली. पाटी बघून मी माझं शिक्षण विसरलो. म्हणून आज पाटीवर बोलतोय.

तर आधी ही अक्षरं वाचायला शिका. कंटाळवाणं आहे, पण दहा मिनिटांचं काम आहे.

एमबीबीएस म्हणजे साडेचार वर्षांचं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. हा झाला आधुनिक वैद्यकाचा पदवीधर. तो मुलांना तपासू शकतो, आणि चांगला असेल तर उत्तम तपासतो, पण तो बालरोगतज्ज्ञ नव्हे. त्यावर तीन वर्षं बालरोग विभागात रात्रंदिवस काढली की एमडी किंवा डीएनबी. दोन वर्षांचा डिप्लोमा तो डीसीएच. आपल्याकडचे जुने, हाताला यश असलेले कितीतरी बालरोगतज्ज्ञ डीसीएचच आहेत, त्यांना कमी लेखू नका. एमडीच्या पुढे आणखी तीन वर्षं शिकून नवजात बाळांचे तज्ज्ञ होतात, तो डीएम. एवढी अक्षरं खरी. पुढे जी रांग असते त्यातली काही नुसत्या सभासदत्वाची असतात, काही सन्मानाची. भारतीय बालरोग अकादमी १९६३ पासून आहे, तिचं सभासद असणं चांगलंच, पण ते शिक्षण नव्हे. आणि सीसीएच दिसलं तर आदराने विचारा, हे कुठल्या संस्थेचं, किती महिन्यांचं?

आपल्यातल्या अनेक घरांत बीयूएमएस झालेले आहेत. मालेगावचं मोहम्मदिया तिब्बिया कॉलेज, पुण्याचं आझम कॅम्पसमधलं, मुंबईत अंजुमनचं. बीयूएमएस हे युनानी वैद्यकाचं पदवी शिक्षण आहे, बीएएमएस आयुर्वेदाचं. त्यातही मुलांच्या आजारांचा विषय असतो. युनानीत त्याला इल्मुल अत्फाल म्हणतात. आयुर्वेदात कौमारभृत्य, त्यात एमडीही करता येतं. महाराष्ट्र सरकारने या पदवीधरांना काही आधुनिक औषधं लिहायची मुभा दिलेली आहे. आणि खरं सांगायचं तर रात्री अकरा वाजता पाड्यावरच्या पोराला बघणारा माणूस बहुतेक वेळा हाच असतो. एमडी साहेब तेव्हा ठाण्याला झोपलेले असतात. म्हणून मी यांची टिंगल करणार नाही, तुम्हीही करू नका. माझं म्हणणं एवढंच, की जे शिकलात ते पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहा. बीयूएमएसला लाजायचं कशाला? लपवायला लागलं की पेशंटला वाटतं काहीतरी काळंबेरं आहे.

आणि नोंदणी क्रमांक. आधुनिक वैद्यकाच्या डॉक्टरची नोंद महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे, म्हणजे एमएमसीकडे असते. आयुर्वेद-युनानीची महाराष्ट्र इंडियन मेडिसिन कौन्सिलकडे. होमिओपॅथीची वेगळी परिषद आहे. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे एमएमसीच्या डॉक्टरने नोंदणी क्रमांक दवाखान्यातही दिसेल असा लावायचा आणि चिठ्ठीवरही छापायचा असतो. परिषदेच्या साइटवर नाव टाकून बघता येतं. तुमच्या खिशातला मोबाइल रील बघायलाच घेतलेला नाही ना? एकदा तिथेही जाऊन या. क्रमांक नसेल तर लगेच डॉक्टर खोटा असं होत नाही. विचारायचं. खरा डॉक्टर क्रमांक सांगतो आणि बहुतेक वेळा हसून सांगतो.

इथवर पाटी झाली. आता तुम्ही म्हणाल, चाचा, म्हणजे एमडी असला की डोळे मिटून ऐकायचं? नाही. हीच तर भानगड आहे.

अमेरिकेत बेंजामिन स्पॉक नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. रीतसर शिकलेले, वर मनोविश्लेषणाचंही शिक्षण घेतलेले. १९४६ मध्ये त्यांनी आईबापांसाठी एक पुस्तक लिहिलं, त्याच्या कोट्यवधी प्रती खपल्या. पुस्तक प्रेमाने लिहिलेलं. त्यांच्या आधीचे तज्ज्ञ सांगायचे, बाळाला फार उचलू नका, लाड करू नका. स्पॉक म्हणाले, उचला, तुम्हाला वाटतं त्याहून तुम्हाला जास्त कळतं. पण १९५० च्या दशकाच्या शेवटी त्यांच्या पुस्तकात एक सल्ला आला, की बाळाला पालथं झोपवा, म्हणजे उलटी झाली तर घशात अडकणार नाही. ऐकायला पटण्यासारखं आहे ना? पुढे आकडे जमले तेव्हा दिसलं, की पालथ्या झोपणाऱ्या बाळांमध्ये झोपेतच अचानक मृत्यूचं प्रमाण जास्त आहे. आज सगळीकडे सांगतात, बाळाला पाठीवर झोपवा. स्पॉक काही भोंदू नव्हते. पदवी खरी, नियत खरी, सल्ला चुकीचा. तो तपासून न बघता सांगितलेला होता, आणि एवढ्या मोठ्या माणसाने सांगितला म्हणून फार वर्षं टिकला.

दुसरं उदाहरण याच्या उलट, आणि आपल्या मोहल्ल्यांच्या जास्त जवळचं. १९९८ मध्ये इंग्लंडमधल्या अँड्र्यू वेकफिल्ड यांचा एक लेख ‘लॅन्सेट’मध्ये आला. गोवर-गालगुंड-रुबेलाची लस आणि ऑटिझम यांचा संबंध असावा, असा सूर. अभ्यासात मुलं किती, तर बारा. हा माणूस कोण? पोटाच्या, आतड्यांच्या शस्त्रक्रियेतून आलेला. बालरोगाचा नाही, लसींचा नाही. आणि लस कंपन्यांवर दावे लावणाऱ्या वकिलांकडून त्याला पैसे मिळत होते, हे त्याने सांगितलं नव्हतं. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ने लेख मागे घेतला, त्याच वर्षी त्याचं नाव डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढून टाकलं. पण तोवर लेख जगभर फिरला होता. आणि आमच्या कसाऱ्यातही आला, वीस वर्षांनी, व्हॉट्सॲपवर.

२०१८ च्या नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची मोहीम सुरू झाली. नऊ महिने ते पंधरा वर्षं, शाळाशाळांतून. आठवत असेल, तुमच्यापैकी काहींना त्या वेळी टोचलं असेल. माझ्या दुकानासमोर लोक मोबाइल धरून उभे राहायचे. ‘डॉक्टर सांगतायत, पोरींना पुढे मुलं होणार नाहीत.’ मी विचारायचो, कुठला डॉक्टर? नाव? आडनाव नाही. क्रमांक नाही. गाव नाही. पांढरा कोट आहे आणि गळ्यात स्टेथोस्कोप आहे. दादर मार्केटला दोन्ही मिळतात. काही आयांनी त्या दिवशी मुलांना शाळेतच पाठवलं नाही. मी त्यातल्या एकीला समजावत होतो, तर ती म्हणाली, ‘भाईजान, तुम्ही तरी कुठे डॉक्टर आहात?’ उत्तर नव्हतं माझ्याकडे.

२०२२ च्या हिवाळ्याच्या तोंडाशी गोवंडीत गोवर पसरला. मग भिवंडी, मालेगाव. नावं ऐकूनच तुम्हाला कळेल कोणाची मुलं होती. त्यातली काही मुलं गेली. गोवरावर औषध नसतं, पोरांनो. लस असते, अ जीवनसत्त्वाचा डोस असतो, नीट शुश्रूषा असते. ज्या आजाराला आपण अंगावर उठलं म्हणून कडुनिंब बांधून सोडून देतो, तो न्यूमोनिया होऊन जीव घेतो.

आणि याच गोवराबद्दल एक गंमत सांगतो. गोवर आणि देवी हे दोन वेगळे आजार आहेत, हे ओळखून त्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिणारा माणूस कोण? अबू बक्र अल-राझी. नवव्या-दहाव्या शतकातला. रय् आणि बगदादच्या रुग्णालयांचा प्रमुख. मुलांच्या आजारांवर त्याची एक वेगळी छोटी पुस्तिका आहे, मूळ अरबी हरवली, लॅटिन भाषांतर उरलं. आणि त्याने आणखी एक पुस्तक लिहिलं, ज्याच्या नावाचा अर्थ होतो, ‘ज्याच्याजवळ वैद्य नाही त्याच्यासाठी’. म्हणजे बगदादच्या बड्या हकिमाने गरिबांसाठी घरगुती औषधाचं पुस्तक लिहिलं.

साधारण हजार वर्षांनी, १९७० च्या दशकात, मेक्सिकोच्या डोंगरातल्या गावांत डेव्हिड वर्नर नावाचा माणूस राहत होता. त्याने स्पॅनिशमध्ये पुस्तक लिहिलं, त्याचं नाव जवळजवळ तेच, ‘डॉक्टर नसेल तिथे’. जगातल्या कितीतरी भाषांत ते गेलं. आता हा वर्नर कोण? डॉक्टर नाही. जीवशास्त्र शिकलेला, शाळेत मास्तर. तेव्हा पदवीच बघायची असं ठरवलं तर हे पुस्तक फेकून द्यावं लागेल. पण त्याने काय केलं? डोंगरातल्या बायकांना, आरोग्य कार्यकर्त्यांना मजकूर दाखवला, त्यांना कळतंय का बघितलं, डॉक्टरांकडून तपासून घेतलं, आणि जिथे आपलं काम संपतं, जिथे दवाखाना गाठायलाच हवा, तिथे तसं स्पष्ट लिहिलं. मला वाटतं आरोग्यावर लिहिणाऱ्याची पहिली खूण हीच. तो कुठे थांबतो ते बघा. जो कुठेच थांबत नाही, ज्याच्याकडे डांग्या खोकल्यापासून मुलाच्या मार्कांपर्यंत सगळ्यावर इलाज आहे, त्याला अनफॉलो करा.

आपल्या मराठीतही अशी माणसं आहेत. घाट चढून वर गेलं की नाशिक जिल्ह्यात दिंडोरी. तिथे दवाखाना चालवणाऱ्या डॉ. श्याम अष्टेकरांनी ‘भारतवैद्यक’ लिहिलं, आरोग्य कार्यकर्त्याला हातात धरता येईल असं. पुण्याचे डॉ. अनंत फडके औषधांच्या बाजारावर, नको त्या औषधांवर वर्षानुवर्षं मराठीतून लिहितात. मेडिकलवाल्यांना ते फारसे आवडत नाहीत, हेही सांगून टाकतो. अनिल अवचट एमबीबीएस झाले आणि लिहायला लागले. या माणसांना वाचताना कळतं, की हे कुठे काम करत होते, कोणाचे पेशंट बघत होते. ते लपवलेलं नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. महाराष्ट्रात तान्ह्या बाळांच्या मृत्यूवर ज्यांनी सगळ्यात मोठं काम केलं, ते बालरोगतज्ज्ञ नाहीत. डॉ. अभय बंग मेडिसिनचे एमडी, डॉ. राणी बंग स्त्रीरोगतज्ज्ञ. दोघांनी १९८४ मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलं, परत येऊन १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ सुरू केली. तिथल्या खेड्यांत बाळं का मरतात, हे त्यांनी मोजलं. मग गावातल्याच, पाच ते दहा वर्षं शाळा शिकलेल्या बायकांना शिकवलं. बाळाचं वजन कसं करायचं, ऊब कशी द्यायची, श्वास घेत नसेल तर काय करायचं, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा, आणि बाळ दवाखान्यात नेणं शक्यच नसेल तर इंजेक्शन कसं द्यायचं. एकोणचाळीस गावांत हे काम झालं. १९९९ च्या डिसेंबरात ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. नवजात बाळांचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाले होते.

१९९९. आमच्या घरचं बाळ गेलं तेच साल. मला हे पुष्कळ उशिरा कळलं. एमडीची पाटी नसलेल्या बाया तिकडे बाळं वाचवत होत्या.

त्यांच्याकडे न्यूमोनिया ओळखायची एक साधी युक्ती होती. अक्षर-अंक न येणाऱ्या सुईणीला श्वास मोजता यावेत म्हणून मण्यांचं यंत्र. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, बाजूला एक मिनिटाची वाळूची घडी. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर बाळाला न्यूमोनिया. तुम्हाला तर मोजता येतं. पाठ करून ठेवा. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास घेत असेल, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, तर थांबायचं नाही. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजायचं, रडताना नाही. छाती आत ओढली जात असेल, दूध पीत नसेल, तर मोजतही बसायचं नाही, निघायचं.

त्या कामातून पुढे आपल्या आशाताईंच्या घरभेटी आल्या. २०११ पासून देशभर. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर सहा भेटी, तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्यापर्यंत. घरी झालं असेल तर सात. आपल्या वस्त्यांत आशाताईला दारातूनच ‘सगळं ठीक आहे’ सांगून वाटेला लावतात, मी बघितलंय. आत घ्या तिला. चहा द्या. बाळ उघडून दाखवा.

आणि बालरोगतज्ज्ञच नकोत, असंही माझ्या बोलण्यातून घेऊ नका. इथून बाळ हलवायचं म्हटलं की शहापूर, मग ठाणे, नाहीतर वर नाशिक, आणि फारच झालं तर शीव. कसारा फास्ट शीवला थांबत नाही, कुर्ल्याला उतरून धीमी गाडी धरायची. त्या शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस नवजात बाळांच्या विभागात होत्या, पुढे अधिष्ठाता झाल्या. कमी वजनाची, आईचं दूध न मिळणारी बाळं बाहेरच्या दुधाने आजारी पडताना त्यांनी बघितली. १९८९ मध्ये तिथे मातृदुग्धपेढी सुरू केली, आशियातली पहिली. ज्या आईला जास्त दूध येतं तिचं दूध घ्यायचं, तपासायचं, निर्जंतुक करायचं, दुसऱ्या बाळाला द्यायचं. मग १९९९ मध्ये त्यांनी ‘स्नेहा’ संस्था काढली, धारावीसारख्या वस्त्यांत काम करायला. तज्ज्ञपण म्हणजे हे. आपल्या वॉर्डात येणारी बाळं कुठून येतात, तिकडे चालत जाणं.

जुलाबाचंच बोलायचं तर डॉ. दिलीप महालनबीस, बंगालचे बालरोगतज्ज्ञ. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत बनगावला कॉलरा पसरला. सलाइन संपत आलं, लावायला माणसं नाहीत. त्यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांत भरून ठेवलं आणि नातेवाइकांना सांगितलं, तुम्हीच पाजा. हजारो माणसं वाचली. एक तज्ज्ञ डॉक्टर, आणि त्याने आपलं ज्ञान आईच्या हातात दिलं. २०२२ मध्ये ते गेले, पुढच्या वर्षी मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. तोवर आपल्यातल्या कितीजणांना नाव माहीत होतं? मला नव्हतं. आणि मी त्यांचं पाकीट रोज विकत होतो.

ते पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, सपाट. सहा महिन्यांच्या वरच्या मुलाला सोबत चौदा दिवस झिंक, रोज वीस मिलिग्रॅम. अंगावरचं दूध चालू ठेवायचं. त्या दिवशी माझ्या दुकानात पाकीट होतं. काउंटरच्या डाव्या हाताला, खालच्या फळीवर.

तुमच्यातल्या काही मुलामुलींना मेडिकलला जायचंय, मला माहीत आहे. नीटचे क्लास लावलेत. मिळालं तर जरूर जा, आणि जमलं तर बालरोगात जा. नाही मिळालं तर आयुष्य संपलं म्हणून बसू नका. जीएनएम करा, बीएससी नर्सिंग करा. माझ्या त्याच बहिणीची नंतरची मुलगी जीएनएम होऊन आज नवजात बाळांच्या कक्षात आहे. मी काउंटरवरून चिठ्ठीशिवाय काही दिल्याचं तिच्या कानावर गेलं तर फोन येतो. ‘मामू, पुन्हा?’ एवढंच म्हणते.

आणि ज्यांना लिहायचंय, रील करायचंय, त्यांनीही करावं. मराठीत करा, उर्दूत करा, दोन्हीत करा. पण पहिल्या दहा सेकंदांत सांगा तुम्ही कोण. ‘मी बीए दुसऱ्या वर्षाला आहे, हे अमुक डॉक्टरांकडून तपासून घेतलंय.’ लाइक कमी येतील. येऊ द्या. कोणी कंपनीने बाटली फुकट दिली असेल तर तेही सांगा.

बाटलीवरून आठवलं. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाड्याकडची मुलं खोकल्याचं औषध पिऊन गेली, वीसहून अधिक. बरीच नागपूरला आणली होती. बाटलीत डायइथिलीन ग्लायकॉल निघालं, मूत्रपिंडं बंद पाडणारं विष. औषध लिहिणाऱ्यांत बालरोगाचा डॉक्टर होता. म्हणजे पदवी होती, चिठ्ठी होती, दुकान परवान्याचं होतं. सगळी अक्षरं बरोबर. त्यानंतर केंद्राने पुन्हा बजावलं, दोन वर्षांच्या आतल्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं द्यायची नाहीत, आणि पाचच्या आतल्यांनाही शक्यतो नकोत. त्या आठवड्यात मी फळीवरच्या सगळ्या बाटल्या खाली उतरवल्या आणि एकेकीचं लेबल वाचलं. तीन तास लागले. मुलगा म्हणाला, अब्बा, हे रोज वाचायचं असतं.

गेल्या महिन्यात एक बाप आला, ठाकूरवाडीकडून. कडेवर मुलगी, नऊ-दहा महिन्यांची, डोळे खोल गेलेले. म्हणाला, ‘हागवण थांबवायची गोळी दे.’ मी म्हटलं, दादा, ती या वयाला नाही देत. पाकीट देतो, कसं करायचं ते दाखवतो, आणि इथे आरोग्य केंद्र आहे, मी सोबत येतो. तो म्हणाला, ‘पाण्यानं काय होतंय? तिकडच्या दुकानात देतात.’ मी तिथेच ग्लासात करून दाखवलं. मुलीने चमच्याने घेतलं, बरंच घेतलं. त्याने दोन पाकिटं खिशात टाकली, पैसे मोजून दिले. मी शटर अर्धं ओढून बाहेर आलो तोवर तो बाजाराच्या बाजूला वळला होता. केंद्राच्या बाजूला नाही. मी मागे गेलो, गर्दी होती, रविवार होता.

आता तुम्ही विचारा. मला येत नसेल तर येत नाही म्हणेन.